डावा कोपरा सोडायचा का?

गेले पंधरा दिवस स्टँडसमोरच्या टपरीवर दोनच विषय आहेत. एक, नळाला पाणी कधी येणार. दुसरा, आपल्या मंडळाचा डावा कोपरा जाणार का. पाण्यावर गेल्या आठवड्यात लिहून झालंय. आज कोपऱ्यावर लिहितो, कारण रविवारी मंडळाची बैठक आहे आणि बैठक झाल्यावर लिहून काही उपयोग नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपला एकवीस वर्षांचा पोरगा यंदा तीन स्पर्धांत उत्कृष्ट पकडीचं बक्षीस घेऊन आला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहे आणि त्याच्या घरीही हे वाचलं जाणार आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या संघाला तो हवाय. त्यांच्या पाठीशी पैसेवाला माणूस आहे. बदल्यात ते आपल्याला एक अनुभवी चढाईपटू दोन मोसमांसाठी द्यायला तयार आहेत, शिवाय मॅटच्या खर्चातला निम्मा वाटा उचलणार आहेत. आपली पोरं अजून मातीवर सराव करतात आणि स्पर्धेला मॅटवर उतरतात, हे तुम्हाला सांगायला नको. चढाईच्या नावाने आपल्याकडे बोंब आहे, हेही सांगायला नको. सलग तीन वेळा उपांत्य फेरीत हरलो ते चढाईत गुण आले नाहीत म्हणूनच.

म्हणजे प्रस्ताव अगदीच उडवून लावावा असा नाही. म्हणूनच गावात दोन गट पडलेत. आणि गंमत अशी की दोन्ही गट एकाच माणसाचं उदाहरण देतायत: मोहम्मदरेझा शादलुई. एक म्हणतो, "पुण्याने शादलुईला सोडलं, काय हाल झाले बघितलं ना?" दुसरा म्हणतो, "बघितलं की. परत फायनलला गेले!"

दोघंही खरं बोलतायत. पण दोघंही अर्धंच सांगतायत. म्हणून आधी ती गोष्ट नीट, सुरुवातीपासून मांडतो.

ऑक्टोबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांची कबड्डीची अंतिम लढत झाली. एका चढाईच्या गुणांवरून वाद पेटला, सामना बराच वेळ थांबला, शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. त्यानंतर दोनच दिवसांनी प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाचा लिलाव होता. त्या इराणी संघातला विशीतला शादलुई पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला. त्याआधी तो पाटण्याकडून दोन मोसम खेळला होता. आठव्या मोसमात ८९ पकडी-गुण, नवव्यात ८४. नवव्या मोसमात तर दिल्लीविरुद्ध एकाच सामन्यात पकडीचे १६ गुण. चढाईपटूला सोळा गुण मिळाले तर आपण टाळ्या वाजवतो. कोपऱ्यात उभं राहून सोळा गुण म्हणजे काय, हे मैदानात उतरलेल्यालाच कळेल.

पुण्यात त्याने काय केलं? पकडीचे ९९ गुण, स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू. पलटण साखळीत ९६ गुणांनी अव्वल. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पुण्याने पहिल्यांदा करंडक उचलला. आपला नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार आणि तोच स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू. त्या रात्री आपल्या चौकातसुद्धा फटाके वाजले होते.

आणि पुढच्या मोसमाआधी पुण्याने शादलुईला कायम ठेवलं नाही.

ऑगस्ट २०२४ च्या लिलावात त्याला कोणी घेतलं? ज्यांना त्याने अंतिम सामन्यात रडवलं त्याच हरियाणाने, २ कोटी ७ लाखांना. अकराव्या मोसमात पुणे पहिल्या सहांतही आलं नाही. हरियाणा अंतिम फेरीत गेलं, २९ डिसेंबर २०२४ ला पाटण्याला ३२-२३ ने हरवलं, पहिल्यांदा विजेतं झालं. शादलुई स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. आणि हा सामना कुठे झाला? बालेवाडीत! पुण्याने सोडलेल्या माणसाने पुण्यातच येऊन करंडक उचलला. याहून मोठी चपराक कोणती?

पहिल्या गटाची गोष्ट इथे संपते. पण गोष्ट संपलेली नाही.

बाराव्या मोसमाआधी हरियाणानेही त्याला मोकळं केलं. गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना घेतला. सलग तिसऱ्या लिलावात दोन कोटींच्या वर. गुजरात काय झालं? पहिल्या आठांतही नाही. आणि पुणे? साखळीत अव्वल, मग अंतिम फेरी. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीविरुद्ध २८-३१ असं तीन गुणांनी हरलं, पण शादलुईशिवाय अंतिम फेरीपर्यंत गेलं.

आता सांगा, पुण्याचं चुकलं की बरोबर होतं?

माझं मत सांगण्याआधी एक पायरी. पकड करणारा एवढा महाग का, हे समजून घ्यायला हवं. चढाईपटू एक गडी बाद करतो तेव्हा एक गुण येतो आणि आपला एक गडी आत येतो. पकड झाली की तेच होतं, पण त्यावर एक जास्तीचं होतं: समोरचा चढाईपटू बाहेर जातो. आणि तो त्यांचा हुकमी असला तर पुढची पाच-सात मिनिटं त्यांची चढाईच लंगडी होते. म्हणून चांगल्या कोपऱ्याची पकड कागदावर एक गुण दिसते, मैदानात ती तीन गुणांची असते. शादलुईला लोक कोटीकोटी मोजतात ते यासाठी. शिवाय गरज पडली तर तो चढाईलाही जातो.

पण गुणांचा आकडा फसवतोही. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर दोन गुण मिळतात. सुपर टॅकल, आपल्या भाषेत अव्वल पकड. आता विचार करा, तीनच गडी कधी उरतात? आपली चढाई फसत असते, पोरं बाहेर बसलेली असतात तेव्हा. म्हणजे एखाद्या कोपऱ्याचे गुण खूप दिसतात ते कधी कधी त्याचा संघ दुबळा आहे म्हणूनही. शादलुईने सोळा गुणांचा तो सामना ज्या मोसमात खेळला, त्या मोसमात पाटणा पहिल्या सहांत नव्हतं. आपल्या पोराच्या यंदाच्या पकडी आठवून बघा. मी बहुतेक सामन्यांना हजर होतो. निम्म्याहून जास्त वेळा तो आणि अजून एकदोघं एवढेच आत होते. पोरगं वाघ आहे, वाद नाही. पण त्याला वारंवार वाघ व्हावं लागतं ते बाकीचे बाहेर बसलेले असतात म्हणून. त्यामुळे "चढाईपटू आणा" म्हणणाऱ्यांना मी गावद्रोही म्हणणार नाही. त्यांचं दुखणं खरं आहे.

आता हिशोबाची बाजू. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला पाच कोटींची मर्यादा. त्यातून किमान अठरा खेळाडू उभे करायचे. २ कोटी ३५ लाख म्हणजे रुपयातले सत्तेचाळीस पैसे एका माणसावर. उरलेल्या त्रेपन्न पैशांत सतरा जण. पहिल्या वर्षी हे जमतं, कारण तुमची तरुण पोरं स्वस्त असतात. करंडक जिंकला की तीच पोरं महाग होतात, आणि व्हायलाच हवीत. मग तुम्हाला ठरवावं लागतं: एक शादलुई की पाच जणांची घडी? पुण्याने घडी ठेवली. अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत. हे सगळे जिंकलेल्या संघातले, सगळे तरुण, आणि त्यातले बरेच पुण्याच्याच हाताखाली तयार झालेले.

अकराव्या मोसमात पुणे आपटलं ते फक्त शादलुई नव्हता म्हणून, असं म्हणणाऱ्यांनी हेही आठवावं की त्याच मोसमात अस्लमला दुखापतीमुळे मध्येच बाहेर बसावं लागलं. कर्णधार, मुख्य चढाईपटू आणि डावा कोपरा असे तिन्ही एका वर्षात गेले तर कुठलंही घर हलणारच. पण वासे शाबूत होते म्हणून पुढच्या वर्षी ते पुन्हा उभं राहिलं.

आणि हरियाणा? त्यांना शादलुई फळला कारण त्यांच्याकडे जयदीप, राहुल सेठपाल, संजय धुल अशी भिंत आधीच उभी होती. तीन बाजू बांधून झालेल्या, चौथी तेवढी हवी होती. कबड्डीत कोपरा एकटा खेळत नाही. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्याने अर्ध्या क्षणात येऊन अंगावर पडायचं असतं. तो आला नाही तर चढाईपटू कोपऱ्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, आणि लोक म्हणतात "कोपरा गेला". कोपरा गेला नाही, साखळी तुटली. गुजरातला तोच माणूस मिळाला, तसाच महाग, पण संघ वर आला नाही.

पुण्याला या बाबतीत अनुभवही होता. नवव्या मोसमात त्यांचा कर्णधार आणि डावा कोपरा होता फझल अत्राचली. तोही इराणी, तोही महागडा, १ कोटी ३८ लाखांचा. त्याच्यासोबत पुणे अंतिम फेरीत गेलं, जयपूरकडून २९-३३ असं हरलं. मग त्याला सोडलं आणि शादलुईला आणलं. म्हणजे ज्या शादलुईसाठी आज हळहळतोय, तोसुद्धा कुणालातरी सोडल्यावरच आला होता. आणि नियतीचा खेळ बघा, २०२५ मध्ये पुण्याला हरवणाऱ्या दिल्लीच्या संघात तोच फझल होता. सोडलेला माणूस कधीतरी समोर उभा राहणारच. तेवढ्या भीतीने कुणी कुणाला बांधून ठेवू शकत नाही.

तर माझं मत: पुण्याने शादलुईला सोडलं ते बरोबर होतं. लागलं, एक वर्ष वाया गेलं, बालेवाडीत मान खाली गेली. पण दोन वर्षांचा हिशोब मांडला तर बरोबरच होतं.

आता दुसरा गट टाळ्या वाजवेल. थांबा जरा. पुण्याचं बरोबर होतं म्हणून आपलंही बरोबर ठरेल, हे मला मान्य नाही. पुण्याचं का बरोबर ठरलं त्याची तीन कारणं आहेत. ती तीनही आपल्याला लावून बघू.

पहिलं. तो खेळाडू संघाला परवडत नव्हता का? पुण्याचे सत्तेचाळीस पैसे एका माणसात अडकले होते. त्याला सोडलं की तेवढे मोकळे होत होते. आपल्या पोरावर मंडळाचा खर्च किती? स्पर्धेला जायचं एसटीचं भाडं, सरावानंतर केळी आणि उकडलेली अंडी, वर्षातून एकदा बूट आणि जर्सी. बूटसुद्धा गेल्या वर्षी त्याने स्वतःच घेतले, मला माहीत आहे. त्याला सोडून मंडळाचा एक रुपया मोकळा होत नाही. म्हणजे पुण्याचं सर्वांत मोठं कारण आपल्याला लागूच नाही.

दुसरं. त्याच्या मागे कोण उभं आहे? पुण्याकडे तयार पोरं होती, कारण त्यांनी वर्षानुवर्षं युवा संघ चालवला. आपल्याकडे डाव्या कोपऱ्यात त्याच्यानंतर कोण? दहावीतला एक मुलगा आहे, हात चांगला आहे, पण वजन भरायला दोन वर्षं लागतील. येणारा चढाईपटू कितीही भारी असला तरी तो कोपऱ्यात उभा राहणार नाही. आज पोरगा गेला तर आपण चढाईत दोन गुण मिळवू आणि बचावात चार घालवू. आणि तो चढाईपटू दोन मोसमांसाठीच आहे. दोन वर्षांनी तो परत जाणार. पोरगा मात्र कायमचा गेलेला असणार. एवढा साधा हिशोब बैठकीत कोणी मांडला का, हे मी दोन पदाधिकाऱ्यांना विचारलं. दोघंही मॅटबद्दल बोलले.

तिसरं. आणि माझ्यासाठी हेच सगळ्यांत मोठं आहे. या व्यवहारात खेळाडूला काय मिळतं?

शादलुई लिलावात उभा राहिला तो स्वतःहून. त्याच्या नावावर बोली लागली, २ कोटी ३५ लाख, मग २ कोटी ७ लाख, मग २ कोटी २३ लाख. ते पैसे त्याच्या मेहनतान्याचे. पुण्याने सोडलं तर हरियाणा, हरियाणाने सोडलं तर गुजरात. प्रत्येक वेळी किंमत त्याची ठरली आणि पैसेही त्याचेच. म्हणून संघाने त्याच्याबद्दल रोखठोक हिशोब करण्यात काही वावगं नाही. दोन्हीकडून धंदा आहे.

आपल्या प्रस्तावात काय आहे? चढाईपटू मंडळाला. मॅटचे पैसे मंडळाला. पोराला काय? "तिकडे त्याला मोठं व्यासपीठ मिळेल." हे व्यासपीठ नावाचं प्रकरण मी वीस वर्षं बातमीदारी करताना ऐकत आलोय. व्यासपीठावर खुर्च्या कोणाच्या असतात, हेही बघत आलोय. त्याला महिना किती देणार, राहायचं कुठे, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा, पोलीस किंवा रेल्वेच्या भरतीसाठी राज्य स्पर्धेत खेळल्याची जी प्रमाणपत्रं लागतील त्यासाठी जिल्ह्याच्या संघात त्याचा विचार होणार का, यातलं एक वाक्यही लिहून आलेलं नाही. मी विचारलं. उत्तर आलं, "ते बघू नंतर."

ज्याची किंमत ठरतेय त्याच्या खिशात काहीच जात नसेल, तर त्याला खेळाडूंची अदलाबदल म्हणत नाहीत. त्याला बैलबाजार म्हणतात. बैलाला विचारत नाहीत. इथेही विचारलेलं नाही. मी गेल्या मंगळवारी त्याला भेटलो. सकाळी दूध संकलनाचं काम आटोपून आला होता. मी विचारलं, "तुला जायचंय का?" तो म्हणाला, "दादा, मला कोणी विचारलंच नाही. तुम्हीच पहिले." एवढं बोलून तो गप्प बसला. मीही गप्प बसलो.

मंडळाचे ज्येष्ठ म्हणतील, आम्ही त्याला घडवला. खरं आहे. नवव्या वर्षापासून मैदानावर आणला, पडला तेव्हा उचलला, शाळेच्या फीला हातभार लावला. या गावात ज्यांनी संध्याकाळचे तास खर्चून पोरं घडवली त्यांच्या उपकारांची मला जाण आहे. त्यातले दोघं माझेही गुरू आहेत. पण घडवणं वेगळं आणि मालकी वेगळी. आई-वडील मूल वाढवतात म्हणून त्याला गहाण टाकत नाहीत.

आता याच्या उलट बाजूचा मोहही सांगतो, कारण पहिल्या गटाचंही मला पटत नाही. ते म्हणतात, "काही झालं तरी सही द्यायची नाही. गावचा पोरगा गावातच खेळणार." का म्हणून? उद्या त्याला चांगली ऑफर आली, पगार आला, एखाद्या कंपनीच्या किंवा पोलिसांच्या संघाने बोलावलं, तर मंडळाच्या ना हरकत पत्रासाठी तो दारोदार फिरणार का? अशा सह्या अडवून किती पोरांची वर्षं गेली, हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या खेळाडूला विचारा. चहा पाजा, आणि तासभर ऐकायची तयारी ठेवा. कबड्डीत पोराचं आयुष्य दहा वर्षांचं. त्यातली दोन कागदासाठी गेली की उरतं काय?

म्हणून माझं म्हणणं दोन शब्दांत आहे: विकू नका, अडवू नका.

विकू नका म्हणजे हा प्रस्ताव आहे तसा फेटाळा. मॅटसाठी पोरगा देऊ नका. मॅट ही मंडळाची गरज आहे, तिचा खर्च मंडळाने, नगरपरिषदेने आणि आपण सगळ्यांनी उचलायचा. ज्या गावात दहीहंडीला आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सला पैसा निघतो, तिथे मॅटचे अर्धे पैसे एका एकवीस वर्षांच्या पोराच्या पाठीवर टाकायचे, याची लाज वाटायला हवी. मॅटची वर्गणी काढा, पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

अडवू नका म्हणजे त्याला स्वतःला जायचं असेल, तर एक पैसाही न घेता सही करा. मात्र समोरच्या संघाकडून त्याच्यासाठी चार गोष्टी लिहून घ्या: महिन्याचं मानधन, राहण्या-जेवणाची सोय, दुखापतीचा खर्च, आणि मोसम संपल्यावर परत यायचं असेल तर सही न अडवण्याची हमी. मंडळाने घासाघीस करायचीच असेल तर ती त्याच्यासाठी करावी. घडवणाऱ्याचा हक्क एवढाच, आणि मानही यातच आहे.

आणि तो राहिला तर? तर येत्या मोसमात त्याचे पकडीचे गुण कमी झालेले मला आवडतील. हो, कमी. म्हणजे चढाई सुधारली, पोरं आत राहिली, त्याला तीन गड्यांत एकटं लढावं लागलं नाही. त्यासाठी बाहेरचा चढाईपटू आणायलाच हवा असं नाही. आपल्याच तालुक्यातल्या शाळांमधून दोन पोरं निवडून संध्याकाळी त्याच्यासमोर चढाईला उभी करा. शादलुईसमोर रोज सराव करून पुण्याची पोरं तयार झाली असतील, तर आपल्या वाघासमोर आपली का होणार नाहीत? आणि त्या दहावीतल्या मुलाला आत्तापासून डाव्या कोपऱ्यात त्याच्या मागे उभा करा. हा पोरगा आज ना उद्या जाणारच आहे, आणि जायलाच हवा. तो जाईल त्या दिवशी कोपरा रिकामा राहू नये, एवढीच तयारी मंडळाच्या हातात आहे.

पुण्याकडून शिकायचं असेल तर हे शिका. त्यांनी शादलुईला सोडलं ती एका दिवसाची बातमी होती. त्याला सोडता यावं म्हणून ते कितीतरी वर्षं पोरं तयार करत होते, त्याची बातमी कोणी केली नाही. मीही केली नाही, ही माझीही चूक.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता मारुतीच्या देवळात बैठक आहे. सगळ्यांना खुली आहे, तसं फलकावर लिहिलंय. मी जाणार आहे. तुम्हीही या. आणि बैठक सुरू करण्याआधी एक काम करा: ज्याच्याबद्दल बोलायचंय त्याला पुढच्या रांगेत बसवा आणि पहिला प्रश्न त्याला विचारा.

माझं चुकत असेल तर खाली लिहा, मी वाचतो आणि उत्तरही देतो. फक्त पोराच्या घरच्यांना मध्ये आणू नका, आणि मला फोन करून "ही पोस्ट काढ" असं सांगू नका. ते काम कालपासून तिघांनी करून झालंय.